मुलांसाठीचे गाजलेले जुने सिनेमे फार भीतीदायक आहेत का?

मानपाडा_मैना

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत दर शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मुलांना सिनेमे दाखवायचं ठरतंय. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी 'बाम्बी', 'द लायन किंग', 'पिनोकिओ', 'हाथी मेरे साथी', 'झपाटलेला' आणि जुना 'श्यामची आई' अशी नावं टाकली आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणते, या सगळ्यांत कुणी ना कुणी मरतं, मुलं रात्री झोपणार नाहीत, काहीतरी हलकंफुलकं लावा. दुसरी म्हणते, आपण हेच बघून मोठे झालो, काय झालं आपल्याला?

यादी माझीच आहे, तरी दुसऱ्या बाजूचं हे म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. ज्यांना त्रास झाला ते ग्रुपवर तसं लिहीत नाहीत एवढंच. पण पहिल्या बाजूचं ऐकून सगळंच मिळमिळीत करायलाही मन तयार होत नाही. मुलं चार ते अकरा वर्षांची आहेत, हे लक्षात घेऊन अनुभव सांगा. मला खरंच ठरवायचं आहे.

पडद्याआड

मैनाताई, हा वाद मुलांच्या सिनेमाइतकाच जुना आहे. 'स्नो व्हाइट' १९३७ चा. आज त्या राजकन्येची दप्तरं घेऊन मुली बालवाडीत जातात. पण ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने तेव्हा त्याला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे त्या वेळच्या नियमाने मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. ती जंगलातली पळापळ आठवून बघा, झाडांना हात आणि डोळे फुटतात. 'द विझर्ड ऑफ ऑझ' १९३९ चा. त्यातली हिरव्या तोंडाची चेटकीण मार्गारेट हॅमिल्टन यांनी केली. त्याच बाई १९७६ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' या छोट्यांच्या अमेरिकन कार्यक्रमात चेटकीण होऊन आल्या, तर पालकांच्या इतक्या तक्रारी आल्या की तो भाग परत दाखवला नाही. आणि १९८४ साली 'ग्रेमलिन्स' आणि 'इंडियाना जोन्स'चा दुसरा भाग पालक मुलांना घेऊन बघायला गेले, ओरड झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत पीजी-१३ ही प्रमाणपत्राची नवी पायरी आली, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना खास सावध करणारी.

मरणाचं म्हणाल तर २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला होता. गाजलेले ४५ ॲनिमेशनपट घेऊन त्यांची मोठ्यांच्या सिनेमांशी तुलना केली होती. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमात जास्त निघाला, आणि त्यातही नायकाच्या आईबापांना. तेव्हा तुमच्या ग्रुपवरची पहिली बाजू उगाच बोलत नाही.

तरीही माझं मत 'दाखवा' असंच आहे. 'बाम्बी'तला तो प्रसंग परत बघा. आईला गोळी लागताना दिसतच नाही. दोघं पळतात, आवाज होतो, मग पिल्लू एकटं बर्फात हाका मारत फिरतं. १९४२ मध्ये एवढं संयमाने केलंय. आजच्या मुलांच्या सिनेमात ढणढणाट कितीतरी जास्त असतो.

कोपरीकर

'हाथी मेरे साथी' आम्ही कोपरीतल्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. रामू गोळी झेलतो तिथे सगळी चाळ रडत होती. मला हत्तीचं इतकं काही वाटलं नाही. मी बाबांकडे पाहिलं, ते सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते. त्याआधी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या पोटात गोळा आला तो त्यामुळे. आईने ओळखलं बहुतेक, मला मांडीवर ओढून घेतलं. आज तो सिनेमा म्हटलं की मला आईची मांडी आठवते.

माझं मत: दाखवा, पण मुलांना खाली सोडून पालक वर जाऊन चहा पीत बसणार असतील तर नको.

नेरूळची_जुई

मी विरोधात आहे आणि कारण सांगते. माझ्या मुलीने पाच वर्षांची असताना 'पिनोकिओ' पाहिला. मी शेजारीच होते, तिचा हात हातात होता, त्यामुळे 'पालक बरोबर असले की झालं' हे मला सांगू नका. त्यात उनाड मुलांना एका बेटावर नेतात, तिथे ती गाढवं होतात. एक मुलगा हसता हसता खिंकाळायला लागतो, हातांचे खूर होतात आणि तो 'मामा, मामा' ओरडत राहतो. माझी मुलगी रडली नाही. गप्प झाली. नंतर कित्येक रात्री ती झोपताना हात पांघरुणाबाहेर ठेवायची, दिसायला हवेत म्हणून. सकाळी उठल्यावर आधी बोटं मोजायची.

आणि तिने मला जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "मग त्या बाकीच्या मुलांना घरी कोणी नेलं?" कोणीच नाही. सिनेमा पिनोकिओच्या मागे निघून जातो. ती मुलं गाढवंच राहतात, त्यांना तिथे नेणाऱ्या माणसाला शिक्षाही होत नाही. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण आपण नायकाबरोबर पुढे गेलेलो असतो. ती त्या मुलांपाशीच थांबली होती.

अभिजात वगैरे ठीक आहे. पाच वर्षांच्या मुलाला याची काय गरज आहे?

तिसरी_घंटा

जुईताई, तुमच्या मुलीचा प्रश्न कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमका आहे. त्यावर विचार करतेय.

मी बालनाट्याच्या बाजूने लिहिते. आपल्याकडे सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी यांनी मुलांच्या रंगभूमीवर चेटकिणी आणि राक्षस मुद्दाम आणले. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगले यांनी. गडकरी रंगायतनला आणि वाशीच्या विष्णुदास भाव्यांत मी मुलांना घेऊन बसलेली आहे. चेटकीण आली की पहिल्या दोन रांगांतली पोरं खुर्चीवर पाय घेतात. मग एक धीट पोर ओरडून अलबत्याला सावध करतं, "मागे बघ, मागे बघ!", की सगळं नाट्यगृह ओरडायला लागतं. भीती वाटतेय, पण त्यांच्या हातात काहीतरी आहे. ओरडलं की फरक पडतो. आणि नाटक संपलं की त्याच चेटकिणीबरोबर फोटोसाठी रांग लागते.

सिनेमात हे होत नाही. तुमच्या मुलीने कितीही हाक मारली तरी तो मुलगा गाढव होणारच. नाटकात राक्षस दमतो, चुकतो, मुलांच्या आवाजाने दचकतो. सिनेमा मुलांकडे बघतच नाही. त्यामुळे सिनेमा दाखवताना ही जागा कुणीतरी मोठ्याने भरून काढावी लागते असं मला वाटतं. क्लबहाऊसमध्ये मुलांना ओरडू द्या, बोलू द्या. 'शू' करू नका.

खाडीपलीकडे

'झपाटलेला' काढा यादीतून. मनापासून सांगतोय.

१९९३ चा सिनेमा, महेश कोठारे, लक्ष्या, सगळं मान्य, मीही आज हसत बघतो. रामदास पाध्यांनी तो बाहुला काय जिवंत केलाय, हीच तर अडचण आहे. तात्या विंचू केबलवर सारखा लागायचा, घरातले सगळे खो खो हसायचे आणि मी सोफ्याच्या मागे असायचो. मूळ कल्पना ज्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'शी जुळते तो तिकडे मोठ्यांचा भयपट आहे. आपण त्यात विनोद घातला आणि कुटुंबासकट बघायला बसलो.

मला खूप उशिरा कळलं की मला त्याचीच भीती का बसली. 'जंगल बुक'मधला शेरखान जंगलात राहतो. चेटकीण किल्ल्यात राहते. बाहुला घरात असतो. सिनेमा संपला, टीव्ही बंद झाला, तरी बहिणीची बाहुली कपाटावर बसून माझ्याकडे बघतच होती. आई म्हणायची, "अरे तो सिनेमा आहे." सिनेमा होता हे मला माहीत होतं. बाहुली मात्र खरी होती ना.

ऐरोलीच्या_बाई

मी बालवाडी आणि पहिली-दुसरीला शिकवत आले, आता निवृत्त आहे. वरचं सगळं वाचलं. खाडीपलीकडे यांनी जे लिहिलंय ते अगदी खरं आहे, आणि जुई, तुझ्या लेकीबद्दल वाचून मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

लहान मुलं कशाला घाबरतात यावर जोआन कँटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुष्कळ काम केलंय. साधारण सात वर्षांच्या आतलं मूल जे दिसतं त्याला घाबरतं. अक्राळविक्राळ तोंड, एकदम बदलणारं रूप, मोठा आवाज. 'इन्क्रेडिबल हल्क' मालिकेतला माणूस हिरवा राक्षस होतो तेव्हा तो लोकांना वाचवायला आलेला असतो, तरी अगदी छोटी मुलं त्या रूप बदलण्यालाच घाबरायची. हेतू त्यांना कळतच नव्हता. आठ-नऊच्या पुढे गणित उलटतं. तोंडाला ती घाबरत नाहीत, पण 'हे खरंच होऊ शकतं' याला घाबरतात. आई जाणं, आग लागणं, युद्ध. म्हणजे 'पिनोकिओ'तले खूर पाच वर्षांच्या मुलीला छळणार, आणि 'श्यामची आई' बघून तीच दहाव्या वर्षी रात्री आईच्या खोलीत डोकावून येणार. चार ते अकरा वर्षांची मुलं एका खोलीत बसवून एकच सिनेमा लावणं, मैना, ही तुमच्या बेतातली खरी अडचण मला दिसते. यादी नंतरची गोष्ट.

बाकी गोष्टींतून भीती काढून टाकायला मी कधीच तयार होणार नाही. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, म्हणतो, मी तुला खातो. चार वर्षांच्या मुलाला आपण हे सांगतो! आणि मूल "परत सांग" म्हणतं. का? म्हातारीकडे उत्तर आहे. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा." येताना भोपळा आहे. वर्गात हे सांगताना वाघापाशी मी नेहमी आवाज खाली आणायची, वाढवायची नाही, आणि मुलांच्या तोंडांकडे बघत राहायची. एखाद्याचा खालचा ओठ बाहेर आला की वाघाला शिंक आणायची. गोष्ट सांगणाऱ्याला हे करता येतं. प्रोजेक्टरला करता येत नाही, म्हणून रिमोट कोणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे.

येऊरवारा

बाई, भोपळ्याच्या गोष्टीला अनुमोदन.

थोडं अवांतर, पण ठाण्याचं आहे म्हणून लिहितो. २०१६ चा 'जंगल बुक' आला तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्याला यूए, म्हणजे लहान मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवायचं, असं प्रमाणपत्र दिलं. थ्रीडीतले प्राणी मुलांच्या अंगावर येतात, घाबरवतात, असं तेव्हाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. खूप टीका झाली. आम्ही राहतो येऊरच्या पायथ्याशी. इथे बिबट्या ही गोष्टीतली गोष्ट नाही. २०१९ मध्ये तर तो कोरम मॉलपर्यंत आला होता. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. बघीराचा फॅन, त्याची उशी, त्याचा डबा. त्या दिवसानंतर काही काळ खिडकीची जाळी लावल्याशिवाय झोपायचा नाही, पण बघीरा मात्र उशाशी. मी विचारलं तर म्हणाला, "बघीरा आला तर तो त्या बिबट्याला सांगेल ना."

सिनेमाने त्याला खऱ्या भीतीसाठी एक सोबती दिला होता. म्हणून मी दाखवा म्हणणाऱ्यांत.

नेरूळची_जुई

येऊरवारा, छान वाटलं वाचून. बघीरा कुणाचा तरी पाठीराखा आहे हेही खरं. पण माझा मुद्दा तसाच राहतो. सोबती मिळेल की भूत मिळेल हे आधी कळत नाही आणि प्रयोग माझ्या मुलीवर होतो.

मानपाडा_मैना

सगळ्यांचे आभार. आता जे लिहिणार आहे ते आधी लिहायला धजत नव्हते.

आमच्या सोसायटीत एक आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याचे बाबा गेल्या वर्षी गेले. तो दर शनिवारी पहिला येऊन बसणार हे मला माहीत आहे, कारण त्याला सिनेमे प्रचंड आवडतात. आणि माझ्या यादीत 'द लायन किंग' आहे. सिम्बा बापाच्या मेलेल्या शरीराशी जातो, त्याचा कान ओढतो, ऊठ म्हणतो, आणि मग त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो. हा प्रसंग इतर मुलांसाठी दुःखाचा आहे. त्याच्यासाठी काय असेल? पंचवीस मुलांच्या देखत?

ग्रुपवर हे लिहिता येत नाही. त्याची आई त्याच ग्रुपवर आहे.

ऐरोलीच्या_बाई

मैना, त्याच्या आईला जाऊन भेट. फोन नको, मेसेज नको. सिनेमात काय आहे ते स्पष्ट सांग आणि तिला ठरवू दे. तिला सांगितल्याशिवाय दाखवणं चूक, आणि तिला न विचारता गुपचूप काढून टाकणंही चूक. बाप गेलेल्या मुलांभोवती मोठी माणसं सगळे विषय काढून घेतात. वर्गात मी हे पाहिलंय. फादर्स डेची कार्डं करायची असली की कुजबुज सुरू, त्याला दुसऱ्या कामाला पाठव. मुलाला सगळं कळतं. आपल्या बाबांबद्दल बोलायचं नसतं असं ते शिकतं.

कोपरीकर

बाईंशी सहमत, एक भर घालतो. माझी आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर शाळेत आम्हाला 'श्यामची आई' दाखवला. अत्र्यांचा, १९५३ चा, वनमाला आणि माधव वझे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, हे सरांनी आधी सांगितलं होतं. शेवटी आई जाते तेव्हा वर्गातली अर्धी मुलं माझ्याकडे वळून बघत होती. पडद्याकडे कोणी बघेना. मला सिनेमाने दुखावलं नाही, त्या नजरांनी दुखावलं.

तो सिनेमा नंतर मी घरी एकट्याने परत पाहिला आणि पोटभर रडलो. बरं वाटलं. त्यामुळे मैनाताई, त्या मुलाने 'लायन किंग' बघू नये असं नाही. सगळ्यांसमोर पहिल्यांदा बघू नये. आईबरोबर घरी आधी बघून झाला असेल तर क्लबहाऊसमध्ये कदाचित तोच बाकीच्यांना पुढे काय होणार ते सांगत बसेल.

पडद्याआड

हे वाचून माझी आधीची पोस्ट थोडी कोरडी वाटतेय. 'बाम्बी'त गोळी दिसत नाही म्हणून तो सौम्य, असं मी लिहिलं. ज्याच्या घरात माणूस असंच न दिसता गेलंय, सकाळी कामावर गेला आणि परत आला नाही, त्या मुलाला न दाखवलेलं मरणच जास्त जवळचं असणार. हे मी धरलंच नव्हतं.

प्रमाणपत्रांची माहिती कामाला येईल म्हणून देतो. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूएच्या तीन पायऱ्या झाल्या: यूए ७+, यूए १३+, यूए १६+. ओटीटीवर तशाच पायऱ्या २०२१ च्या नियमांपासून आहेत. 'ए' म्हणजे १८ खालच्यांना बंदी, यूए म्हणजे पालकांनी ठरवायचं. जुन्या सिनेमांवर नुसतं यू, म्हणजे सगळ्यांनी बघायचा, असं असेल, तर त्यावर विसंबू नका. मरण, ताटातूट, रूप बदलणं यातलं तुमच्या मुलाला काय खुपेल हे त्या एका अक्षरातून कळत नाही.

आणि हो, क्लबहाऊसमधला खेळ हा घरातला खेळ नव्हे. ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना आधी विचारा.

खाडीपलीकडे

मी घाबरायचो तेव्हा डोळे झाकायचो नाही, कान झाकायचो. तात्या विंचूचं ते 'ओम फट् स्वाहा' ऐकू आलं नाही की तो नुसता लाकडाचा बाहुला. आजही भाचरांना बघतो, तीही कानच झाकतात. क्लबहाऊसमध्ये स्पीकर मोठे लावायची हौस असते. आवाज कमी ठेवा, एक दिवा चालू ठेवा. थिएटरसारखा अंधार करायची काही गरज नाही.

तिसरी_घंटा

खाडीपलीकडे, अगदी खरं. नाटकातही आम्ही चेटकिणीच्या प्रवेशाचं संगीत छोट्यांच्या प्रयोगाला खाली आणतो.

जुईताईंच्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. त्या मुलांना घरी कोणी नेलं? सिनेमा संपल्यावर हा प्रश्न मुलांनाच टाकला तर? कागद द्या, रंग द्या. कुणी नाव काढेल, कुणी हेलिकॉप्टर. बेटावर जाऊन सोडवून आणा म्हणावं. सिनेमाने अर्धवट सोडलेलं काम मुलं करतील, आणि ती हे फार गंभीरपणे करतात.

नेरूळची_जुई

हे मला पटलं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. आत्ताच तिला विचारलं, आठवतं का? लगेच म्हणाली, "हो, ती गाढवं." चार वर्षं झाली. कागद दिलाय, ती बसलीय काढत.

'पिनोकिओ' चार-पाच वर्षांच्यांना दाखवू नये हे माझं मत मात्र कायम आहे. मैना, प्लीज वयाचे दोन गट कर.

मानपाडा_मैना

दोन गट करतेय. सातच्या आतल्यांना साडेपाचला, मोठ्यांना साडेसातला. छोट्यांच्या वेळी प्रत्येकाबरोबर घरातलं एक मोठं माणूस हवंच, ही अट लिहून टाकलीय. त्यावरूनही ग्रुपवर कुरबुर आहे, असू दे. 'झपाटलेला' काढला. 'श्यामची आई' मोठ्या गटाला, आणि त्या दिवशी आज्यांना खास बोलावणार आहे. हक्कांचं सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलते. 'लायन किंग'चं उद्या त्या ताईंना भेटून आल्यावर ठरवेन.

बाई, एक विचारायचं होतं. एखादं मूल मध्येच उठून बाहेर गेलं तर मागे जायचं की जाऊ द्यायचं?

ऐरोलीच्या_बाई

मागे जायचं, पण लगेच 'चल आत' म्हणायचं नाही. बाहेर पायरीवर त्याच्या शेजारी बसायचं. पाणी द्यायचं. आत काय चाललंय ते त्याने विचारलं तर खरं सांगायचं, शेवट विचारला तर शेवटही सांगून टाकायचा. शेवट कळल्यावर बरीच मुलं आपणहून आत जातात. नाही गेलं तर तिथेच बसायचं. दाराशी एक माणूस फक्त याच कामाला ठेव, पॉपकॉर्नवाल्यांपैकी कुणालाही चालेल.